सत्तावन्न लाख मिनिटांची पंगत

केशोरीच्या तलावाची पातळी एक यंत्र दर मिनिटाला टिपायचं. अकरा वर्षांची सत्तावन्न लाख मिनिटं मच्छी संस्थेच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये, एकाच टेबलात, एकाखाली एक निजली होती. आज चार वाजता तो कॉम्प्युटर पुसून देऊन टाकायचा होता. संस्थेला त्याचं काही नव्हतं. होतं ते दुर्गेशच्या धुरपता आत्याला. तिचे यजमान दुधराम तलावाचे चौकीदार. त्याच टेबलातल्या शेऱ्याच्या रकान्यात मनाला येईल ते लिहीत. 'बगळा आला. बगळा नाराज.' त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, बोलणं तेवढं तिथं उरलं होतं.

पेनड्राइव्हवरच्या फाइलीत उतरवून घ्यायला दुर्गेशनं आख्खं टेबल एकदम मागवलं. मेमरी भरली, कॉम्प्युटर गपकन झोपला. मग हजार-हजार ओळी मागवल्या. तरी झोपला. पंख्याच्या घरघरीत दुर्गेशचाही डोळा लागला.

अंगणात पंगत बसली होती. ओलीचिंब मिनिटं, गळ्यात शिंगाड्याचे वेल. हजार बसत, जेवत आणि तिथंच राहत. पुढची हजार त्यांच्या मांडीवर बसत. एक मिनिट तर बडीशेप मागत होतं.

"काऊन गा, झोपून राहिला?" आत्या डबा घेऊन दारात उभी.

"आत्या, जेवलेले उठूनच नाही राहिले."

आत्यानं कोण, कुठले, विचारलं नाही. गावातल्या चाळीस लग्नांत पंगती उठवलेली बाई ती. "उठवल्याबिगर कोन उठते? खरकटी पत्रावळ उचल. पत्रावळ गेली का मानूस उठते."

दुर्गेश जागा झाला की नाही, हे त्याला आजही सांगता येत नाही. पण चूक तीच होती: ओळी फाइलीत उतरल्या तरी त्याचा प्रोग्रॅम त्या मेमरीत धरून बसत होता. लिहून झालं की सोडून दे, असं त्यानं त्यात घातलं.

मिनिटं उठू लागली. हात धुऊन, ढेकर देत, फाइलीच्या दारातून आत. दुर्गेश येतील तसे शेरे मोठ्यानं वाचत होता.

"'बगळा परत आला. माफी मागितली नाही.'"

"मागतच नाही तो," आत्या म्हणाली.

"'धुरपताचा डबा आला. भाजी खारट. सांगणार नाही.'"

आत्यानं डबा खाली ठेवला. मग पडद्याला म्हणाली, "खारट होती तं खाल्ली कायले?"

ती ओळही मेमरीतून सोडायला दुर्गेशनं बटणाकडे हात नेला.

"त्याइले उठवू नको."

"आत्या, मेमरी..."

"एका मानसानं अंगन भरते का गा?"

नाही भरलं. उरलेली मिनिटं त्या एकाला वळसा घालून गेली, आणि चारला पाच मिनिटं कमी असताना फाइल पूर्ण झाली.

दुर्गेशनं डबा उघडला. भाजी खारट होती. त्यानंही सांगितलं नाही.