चांदकोरीची नोंद

जहाजावरून घरी आल्यावर तिनं आधी कॅमेऱ्याची बॅग हळूच खाली ठेवली, मग बूट काढले. खिडकीपाशी बसलेल्या सासऱ्यांनी दोन्ही आवाज ओळखले.

“आलीस?”

“आले, बाबा.”

“मग?”

एकवीस दिवस त्यांनी हा एक शब्द तोंडात धरून ठेवला होता. तिनं वाटभर दुसरं काहीतरी सांगायची तयारी केली होती, पण तोंडातून आलं ते इतकंच.

“नाही दिसली.”

सासऱ्यांनी मांडीवरची शाल उलगडली आणि पुन्हा घडी घातली. कडांना कडा जुळवून, बोटांनी चाचपत.

“बरं,” ते म्हणाले. “हातपाय धू. चहा घे. तुझ्या नवऱ्यानं केलाय, तेव्हा जपून.”

“ऐकू येतंय मला,” आतून नवरा म्हणाला.

सासऱ्यांची उमेदीची सगळी वर्षं समुद्रावरच्या पाखरांचे फोटो काढण्यात गेली. वर्षातले सहा महिने पाणी, सहा महिने घर, आणि दिसलेल्या प्रत्येक पाखराची वहीत नोंद. मुलगा मात्र बादलीतलं पाणी हललं तरी मळमळणारा. विद्या मुलाकडे गेली नाही, सुनेकडे आली. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी तिला न्हाणीघरात केलेल्या डार्करूममध्ये उभं केलं, ओळखपत्रांचे फोटो काढणाऱ्या तिच्या हातात लांब भिंग दिलं आणि सांगितलं, “समुद्राच्या श्वासावर बोट दाबायचं. लाट वर जाते, क्षणभर थांबते, मग उतरते. ती थांबली की दाब.”

आणि भिंतीवर तो फोटो होता. दाराच्या डाव्या हाताला, बसल्या जागेवरून दिसेल असा. एक अल्बट्रॉस, पंख इतके लांब की चौकटीत मावेनात, खाली काळं पाणी, आणि चोचीवर एक काळसर व्रण, चंद्राच्या कोरीसारखा. म्हणून तिचं नाव चांदकोर. शेवटच्या सफरीत ती तीन दिवस जहाजामागे होती. त्यानंतर सासूबाई आजारी पडल्या, आणि सासरे पुन्हा समुद्रावर गेले नाहीत. त्याला एकतीस वर्षं झाली. सासूबाई जाऊनही आता नऊ झाली.

अल्बट्रॉस पन्नास-साठ वर्षं जगतो. सासऱ्यांची नजर मात्र दोन वर्षांत मध्यापासून विझत गेली. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. त्या दिवसापासून ते एकच बोलायचे, “माझ्या वेळचं कोण उरलंय? ती असली तर आहे म्हणून कळू दे. मग बाकीचं गेलं तरी चालेल.” म्हणून पाखरांची मोजणी करणाऱ्या जहाजावर जागा मिळताच ती निघाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांच्याजवळ बसली. हा त्यांचा नजर गेल्यापासूनचा नेम. ती एकेक फोटो पडद्यावर आणायची आणि बोलून दाखवायची. ते डोळे मिटून बघायचे.

“हा बाराव्या दिवसाचा. ऊन तिरपं. पाखरू लाटेच्या पोटाशी, पंखाचं टोक पाण्यावर रेघ ओढतंय.”

“बोटभर अंतर?”

“तेवढंही नाही.”

“पुढे.”

“हे तीन पेट्रेल. काळे, छोटे, पाण्यावर पाय आपटत चाललेत. मागे आचाऱ्याची बादली.”

“आचारी टाकतो काय त्यांना?”

“टाकायची बंदी आहे. तो म्हणायचा, मॅडम, माझ्या हातचं पाखरांना आवडतं, माणसांना द्यावं लागतं हीच माझी शिक्षा.”

सासरे हसले. खूप दिवसांनी. मग हसू विरलं आणि त्यांनी विचारलं, “एकदाही वाटलं नाही का गं, की हीच?”

तिनं पुढचा फोटो आणला नाही.

“एकदा वाटलं. सोळाव्या दिवशी. जहाजाच्या मागून आली, मोठी, जुनी. मानेवरची पिसं झिजून पांढरीफेक. डावं अंग दाखवत गेली, चोच स्वच्छ. मग वळून आली तर चोचीवर कोर. तीन फोटो काढले, बाबा. पण कोर उजव्या अंगाला होती. आपली डाव्या अंगाची.” तिनं भिंतीकडे पाहिलं. फोटोतलं पाखरू डावीकडे, घराच्या आतल्या बाजूला तोंड करून उडत होतं. डावा गाल, डावी कोर. “मासेमारीच्या दोऱ्यांनी किती पाखरांच्या चोची कापल्या जातात. म्हटलं, ही नव्हे.”

सासऱ्यांनीही भिंतीकडे तोंड वळवलं. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. त्यांचे ओठ हलत होते. मग ते हलक्या आवाजात गुणगुणले, आणि तिला ती चाल ओळखू आली. सासूबाई फोटोची काच पुसताना म्हणायच्या, त्यांनीच जुळवलेलं ते:

“पाखरा रे पाखरा, पाणी झालं फार,
वळव तुझी चोच, उघडं आहे दार.”

“सूनबाई,” ते म्हणाले, “निगेटिव्हचा डबा आण. कपाटात, खालच्या खणात. पत्र्याचा.”

डब्यात पट्ट्या कागदात गुंडाळलेल्या होत्या. शेवटच्या सफरीची पट्टी तिनं शोधून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कडेला धरली, जीभ फिरवून ओठ ओला केला आणि पट्टीचा कोपरा ओठाला लावला. मग उलटून दुसरी बाजू लावली. अंधारात काम करणाऱ्यांची ही जुनी खूण. ज्या बाजूला चित्राचा थर असतो, ती बाजू ओठाला किंचित चिकटते.

“ही थराची,” ते म्हणाले. “ही तुझ्यापासून लांब ठेव. गुळगुळीत बाजू तुझ्याकडे. आता उजेडात धर. कडेचे आकडे सरळ वाचता येतात?”

“येतात.”

“मग चित्रही सरळच. चोच कुणीकडे?”

तिनं पट्टी खिडकीकडे धरली. काळं पाणी पांढरं झालेलं, पांढरं पाखरू काळं, आणि चोचीवर कोर उजळलेली.

“उजवीकडे,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “दाराकडे, बाबा.”

“हो. दाराकडे. उजवा गाल, उजवी कोर.” त्यांनी हात मांडीवर ठेवले. “छापला तेव्हा सरळच छापला होता मी. टांगून दाखवला, तर तुझी सासू म्हणाली, हे पाखरूसुद्धा बाहेरच निघालंय. तुम्ही निघता तसं. याला घराकडे वळवा. तिला तेव्हा ताप होता. मी आत गेलो, निगेटिव्ह पलटलं आणि पुन्हा छापला. वळलं पाखरू. तिनं उठून स्वतः खिळा ठोकला.”

“आणि वहीत?”

“वहीत लिहिलं, चोचीवर कोर. बाजू लिहिली नाही. फोटो आहे ना, म्हटलं, कशाला लिहायची? रोज त्याच्याकडे बघत राहिलो आणि बघता बघता तेच खरं झालं.” ते तिच्या दिशेला वळले. चेहऱ्यावर तिनं कधी न पाहिलेली घाई होती. “दाखव. सोळाव्या दिवसाचा. मोठा कर आणि सांग मला.”

ती उठली नाही.

“पोरी?”

“पुसले, बाबा.”

“काय?”

“तीन फोटो होते. ही आपली नव्हे म्हटलं, संध्याकाळी जागा करायला तिन्ही पुसले. त्याच कार्डावर नंतर हजारांनी फोटो चढले. काही उरलं नाही.”

नवरा दाराशी येऊन उभा राहिला होता. बापाचं तोंड बघून तो तसाच मागे फिरला.

फोटो नाही तर नोंद नाही. इतक्या वर्षांत सासऱ्यांनी हा नियम कुणासाठी मोडला नव्हता. कप्तानानं शपथेवर सांगितलेलं पाखरूही त्यांनी वहीत घेतलं नव्हतं. तिला त्या कप्तानाची गोष्ट आठवली आणि तिनं मान खाली घातली.

“तू पुसलंस,” शेवटी ते म्हणाले, “मी पलटलं. कुणी कुणाला बोलायचं?” मग सावकाश, “सांग. तोंडानं सांग. घाई करू नकोस.”

तिनं डोळे मिटले. डोळे मिटून सांगायची तिची ही पहिलीच वेळ.

“सकाळ होती. वारा पाठीवर. ती मागच्या फेसातून वर आली, पंख एकदाही न हलवता. माझ्या डोक्यावरून गेली तेव्हा ऊन क्षणभर गेलं आणि परत आलं. कोर काळी नव्हती, करडी झाली होती. कड बोथट. खालचं टोक चोचीच्या टोकाकडे वळलेलं.”

“खालचं टोक पुढे,” सासरे पुटपुटले. “हो. खालचं टोक पुढे. डोळा?”

“डोळ्यावर ती सावली असते ना, काजळासारखी, ती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बोट दाबलं तेव्हा लाट थांबलेली होती, बाबा. फोटो चांगला आला होता.”

“येणारच,” ते म्हणाले. त्यांचे गाल ओले झाले होते, त्यांनी ते पुसले नाहीत. “एकटी होती?”

“एकटी.”

“किती वेळ?”

“दोन फेऱ्या. मग वळली आणि गेली.”

खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकलं होतं. फोटोच्या काचेवर चकाकी आली होती, पाखरू दिसत नव्हतं. तिनं विचारलं, “सरळ करून पुन्हा छापू का, बाबा?”

“नको. तुझ्या सासूनं वळवून घेतलंय, तसंच राहू दे. त्याची जागा तीच.” मग ते खुर्चीत ताठ बसले. “वही आण. पेन नको, पेन्सिल आण.”

“पण फोटो नाही.”

“म्हणूनच पेन्सिल. पुढच्या सफरीत तू फोटो आणशील, तेव्हा शाईनं गिरवायचं. मी असेन नसेन, तू गिरव.”

तिनं शेवटच्या नोंदीचं पान काढलं. खाली एकतीस वर्षांची कोरी जागा होती. तिनं तारीख लिहिली, अक्षांश-रेखांश लिहिले, वारा लिहिला.

“कोर, उजव्या बाजूला,” सासरे म्हणाले. “बाजू आधी लिही.”

ती लिहू लागली. हात हलका पडत होता, अक्षरं जेमतेम उमटत होती. सासरे कान देऊन पेन्सिलीचा आवाज ऐकत होते.

“जरा दाबून लिही,” ते म्हणाले.