चिमटा कुठे लावायचा

लतिकाला डुकरांचा कंटाळा आला होता, आणि खरं सांगायचं तर डुकरांपेक्षा फॉर्मांचा जास्त. पशुवैद्यकीय खात्यात तेहेतीस वर्षं काढली, निवृत्तीला उरले चार महिने, आणि एवढ्यात भोपाळहून हे नवं बाड येऊन पडलं. आजवर महिन्याला एक सही पुरत असे : ‘कत्तलीआधी जनावरांना विजेने बेशुद्ध केले जाते.’ आता म्हणे डॉक्टरांनी स्वतः उभं राहून दहा डुकरं बघायची, दर एकाचं लिहायचं, आणि चूक सापडली तर ती कोणाची, तेही नावानिशी.

“चार महिने धड जाऊ देत नाहीत मेले,” असं पुटपुटत ती धारहून तिरल्याच्या कत्तलखान्याच्या रस्त्याला लागली.

कत्तलखान्यात तिचा मान मोठा. इतका मोठा, की तीन वर्षांत तिच्यासमोर एकही डुक्कर मारलं गेलं नव्हतं. बाई देवासच्या जुन्या ब्राह्मण घरातल्या. त्यांची गाडी फाटकात दिसली की आत काम थांबायचं, फरशी धुतली जायची, आणि मॅनेजर रणवीर ऑफिसात पंखा लावून चहा मागवायचा. बाईंनी यंत्राचा दिवा लागतो का बघायचं, सही करायची, निघायचं. हे सगळं आदरापोटी बरं का, लपवाछपवी नव्हे. आणि लतिकालाही ते सोयीचंच होतं, उगाच कशाला नाही म्हणा!

“अरे मॅडम, आप अंदर कां जा रहे हो? बैठो नी,” रणवीर आडवा आला.

“आज बघायचंय, भिया. काम चालू राहू द्या.”

आत डुकरांना बेशुद्ध करायचा विजेचा चिमटा विठोबाच्या हातात होता. विठोबाचे आजोबा खानदेशातून आले आणि इकडचेच झाले. तो घरी माळवी बोलायचा, पण बाईंशी मात्र आवर्जून मराठी. साठीला टेकलेला, हात एकदम स्थिर. त्यानं पहिल्या डुकराच्या कानांमागे, मानेला दोन्हीकडून चिमटा दाबला. डुक्कर ताठ झालं आणि आडवं पडलं. हूं नाही की चूं नाही.

“पाहिलं, बाई? काही आवाज नाही,” विठोबा कौतुकानं म्हणाला, डुकराच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटला आणि त्यानं सुरी घेतली.

लतिका वाकली. तिनं डुकराच्या बुबुळाला बोट टेकवलं. पापणी मिटली. पुन्हा टेकवलं, पुन्हा मिटली. छाती संथ वरखाली होत होती. जनावर पूर्ण शुद्धीवर होतं. फक्त त्याला हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं.

“थांबा! सुरी नको!”

तिनं चिमटा हिसकावून घेतला आणि डोळा आणि कान यांच्या मधोमध, डोक्याला दोन्हीकडून दाबून धरला. डुक्कर पुन्हा ताठलं, मग ते चारही पाय जोरजोरात झाडायला लागलं. विठोबा घाबरून मागे सरला.

“अहो बाई, हे तर तडफडतंय! आमचं बरं होतं की, गप पडायचं.”

“नुसतं पाय झाडतंय. त्याला काही कळत नाहीये. डोळ्याला बोट लावून बघा.”

विठोबानं बोट लावलं. पापणी हलली नाही.

“आता सुरी. लवकर.”

काम झालं. विठोबानं सुरी धुतली, ठेवली, आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. लतिकाचा आवाज चढला होता.

“मानेला लावायचं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“तुम्हीच की, बाई.”

“मी?”

“मशीन आलं तेव्हा. पोत्यावर दाखवलंत ना!”

लतिकाला आठवलं. तीन वर्षांपूर्वीचं ते प्रशिक्षण. त्या दिवशी संकष्टी होती, तिला कडक उपास. उपासाच्या दिवशी डुकराला हात लावायचं जिवावर आलं, म्हणून तिनं भुशाचं पोतं आणवलं आणि त्यावर चिमटा धरून दाखवला. पोत्याला कुठले आले डोळे, कुठले कान! तोंड जिथे बांधलं होतं, त्या गळ्याला लावला. विठोबानं ते जसंच्या तसं उचललं. नंतर चार दिवस समोर उभी राहिली असती तरी कळलं असतं. पण ती पंख्याखाली चहा पीत बसली, आणि छत्तीस सह्या केल्या. तिला स्वतःची शरम वाटली, अगदी तोंड लपवावं इतकी.

रणवीरनं तिच्या हातातला फॉर्म बघितला. शहाणा माणूस, त्याच्या लगेच लक्षात आलं.

“मॅडम, इसमें कां इतना सोचना? विठोबा का नाम डाल दो. ठेके का आदमी है, दूसरा आ जाएगा. आपके चार महीने हैं, कां इन्क्वायरी में पड़ते हो?”

तो तिच्या भल्याचंच सांगत होता. देवासला तात्या, तिचे वडील, नव्वदीतही येईल त्याला ऐकवत की आमच्या लतीच्या नोकरीला डाग नाही. विठोबा सगळं ऐकत होता. लतिकानं हो म्हटलं असतं, तरी त्यानं हूं केलं नसतं.

“चूक कोणाची” या रकान्यात लतिकानं स्वतःचं नाव लिहिलं. खाली लिहिलं : प्रशिक्षण चुकीचे दिले, तीन वर्षांत एकदाही प्रत्यक्ष पाहिले नाही. मग सही केली. रणवीर कपाळाला हात लावून बाहेर गेला.

“काय लिहिलंत, बाई?” विठोबानं विचारलं.

“माझं नाव. तुमची काही चूक नाही त्यात. तुमचं काम जाणार नाही.”

तिला वाटलं, त्याला हायसं वाटेल. पण विठोबा त्या फॉर्मकडे बघतही नव्हता.

“तुमचं नाव लिहून माझं काय सुटतं, बाई?” तो म्हणाला. “सुरी घेण्याआधी दर वेळेला मी डुकराच्या कानात सांगायचो, घाबरू नको बाळा, तुला काही कळणार नाही. ते ऐकत होतं सगळं.”

बाहेर अजून नऊ डुकरं होती.