मे महिन्यातला स्वेटर

"बे शहादेव, ऊठ! दुधाचा टँकर गेला बे!"

दूध सोसायटीचा चेअरमन बंकट यानं खांदा धरून गदागदा हलवलं, तेव्हा कुठं शहादेवचे डोळे उघडले. समोर दुधाचे दोन कॅन तसेच उभे. मे महिना, डोक्यावर पत्रा तापलेला, आणि शहादेव अंगात स्वेटर घालून दुधाचं फॅट मोजायच्या मशीनशेजारी झोपलेला.

"लोकं चारा छावणीत जनावरं जगवून दूध घालतेत, अन् तू नासवतो?" बंकट चिडला. मग स्वेटराकडं बघून त्याचा आवाज खाली आला. "जाऊ दे. वहिनी गेल्यापासून तुझं चित्त थाऱ्यावर न्हाई. घरी बस थोडे दिवस. उत्तरेश्वर बघंल मशीन."

शहादेवला याचाच वीट आला होता. पाय सुजले, दुःखामुळं. कुणाचं नाव आठवेना, दुःखामुळं. केजहून सांभाळायला आलेली थोरली बहीण भिवराबाईही तेच धरून बसली होती. "एकदा मोकळा रड," ती रोज म्हणायची. शहादेवला रडू येत नव्हतं. बायकोच्या, सत्यभामाच्या फोटोसमोर बसला तरी त्याला झोपच यायची. त्याची त्याला चीड यायची.

"मशीन काढून घेतली अक्का," घरी येऊन तो म्हणाला.

"आवाज कावून असा घोगरा झालाय रे?" भिवराबाई त्याच्याकडं बघत राहिली. "गळ्याचं आपरेशन झालं तवा डॉक्टर काय म्हणलते?"

गळ्यात कॅन्सरची बारकी गाठ होती. थायरॉइडचा अर्धा भाग काढला. उरलेला अर्धा काम भागवील, पण दीड महिन्यानं रक्त तपासा, असं सांगितलं होतं. सत्यभामानं ते ध्यानात ठेवलं असतं. पण दीड महिना भरायच्या आत तीच तापानं गेली आणि तपासणी राहून गेली.

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा आणि गळ्याच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचला. "कॅन्सर परत आलेला नाही. पण उरलेला भाग कमी पडतोय. झोप, सूज, थंडी, सगळं त्यानंच. रोज एक गोळी घ्यायची."

"म्हंजे हे दुःख न्हाई?"

"दुःख असेलच हो. पण दुःखानं मे महिन्यात थंडी वाजत नाही."

एसटीत शहादेव खदखदत होता. "इतके महिने मी तिच्या नावानं नुसता झोपा काढीत होतो, अक्का. मंग तिच्यासाठी मला वाटलं काय?"

गरम वारा येत होता म्हणून भिवराबाईनं खिडकी लावून घेतली.

गोळ्यांचं पाकीट दोन दिवस तसंच पडून राहिलं.

"घे की रे."

"गोळीनं बरा झालो तर लोकं म्हणतील, सावरला. एका गोळीत बायको विसरला."

"लोकांचं राहू दे. मशीन उत्तरेश्वरकडंच राहिली तर दिवसभर करणार काय तू? माझ्याशी भांडणार?"

त्यानं गोळी घेतली.

दोन महिने पाऊस आलाच नाही. शहादेवची सूज मात्र उतरली, स्वेटर निघाला. मशीन परत मिळाली. "चेअरमन, पाण्याचा टँकर बंद झाला गावाला, अन् तुमच्या दुधात एवढं पाणी आलं कुठून?" असं त्यानं भर रांगेत विचारलं, तेव्हा बंकटनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "सावरला बे तू!"

भिवराबाई केजला परत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे शहादेवनं उपाशीपोटी गोळी घेतली. गोळीवर लगेच चहा चालत नाही, म्हणून तो नुसता बसून राहिला. डोकं स्वच्छ होतं. झोपेचं नाव नव्हतं. खुंटीवर सत्यभामाचं फडकं होतं, उन्हात जाताना ती डोक्याला बांधायची ते. रोज डोळ्यांसमोर असून ते आज पहिल्यांदा दिसलं.

चहाची वेळ होऊन गेली. शहादेवनं गॅस पेटवला नाही.

"शहादेवभाऊ, लोकं कॅन घेऊन आलेत!" बाहेरून हाक आली.

"आलो," तो म्हणाला. त्यानं त्या फडक्यानं ओले डोळे पुसले, फडकं नीट घडी करून खिशात घातलं आणि दार ओढून घेतलं.