चायना ग्रासची वाटी

मंगळवारी सकाळी साडेआठला अकोल्याच्या दवाखान्यात अब्दुल सत्तार यांच्या नावाचा पुकारा झाला. ते केमोला आले नव्हते. कागदावर नंबर मुलीचा होता, म्हणून फोन अमरावतीला, प्रयोगशाळेत, नईमाला गेला. दुपारच्या एसटीने ती अकोल्याला घरी पोचली.

अब्बा ओट्यावर कुलरचा पंप खोलून बसले होते. समोर शेजारचे महादेवराव. आत गॅसवर दुधात चायना ग्रास विरघळत होतं.

"मांगच्या वक्तालेही गेले नाहीत हे," महादेवरावांनी चुगली केली. "मले म्हनतात, पोरीनं दवा शोधली. म्या म्हटलं, खीर खाऊन गाठ जाते तं डाक्टर उपाशी मरतीन!"

अब्बा हसले. हसताना गळा दुखला तसे थांबले.

नईमाला रमजानातली ती संध्याकाळ आठवली. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या प्रयोगाचा निकाल बरा आला होता. इफ्तारला चायना ग्रासची वाटी उचलून ती खुशीत म्हणाली होती, "अब्बा, हेही समुद्राच्या शेवाळातूनच निघतं. आमच्या शेवाळातली साखर घातली, तर गाठीच्या पेशी वाढायच्या थांबल्या."

तेव्हा त्यांची पहिली केमो होऊन आठवडाच झाला होता. तोंड सोलून निघालं होतं. गळ्याखाली उतरत होतं ते एवढंच.

"त्या पेशी काचेच्या बशीत होत्या, अब्बा," ती आता म्हणाली. "ते शेवाळ वेगळं, ती साखर वेगळी. हे नुसतं खाणं आहे."

"तू झूट बोलली होती का?"

"नाही."

"मंग?"

"बशीत थांबतात म्हणून माणसात थांबतील, हे अजून कोणालेच माहीत नाही. मलेही नाही."

अब्बांनी पंपाचा स्क्रू हातात फिरवला. "मंग इतके वर्स काय करून राहिली तू तिथं?"

महादेवराव उठले आणि चपला शोधू लागले. नईमा आत गेली. तिने गॅस बंद केला.

बुधवारी अब्बा तिच्यासोबत दवाखान्यात गेले. दोन पाळ्या चुकल्या म्हटल्यावर डॉक्टरांनी केमो दिली नाही. गाठ कुठवर गेली ते आधी पाहू, म्हणाले. स्कॅन शुक्रवारी झाला. शनिवारी संध्याकाळपर्यंत रिपोर्ट आलेला नाही.