एकेचाळीस मूळ दाखले

श्रीमंतने मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला आणि आवाज पूर्ण वाढवला. विधानसभेत इस्लापूरच्या महाविद्यालयाचं विधेयक पुकारलं गेलं होतं. निवृत्त मुख्याध्यापक रेणुकादास सर त्यासाठी हदगावहून सकाळच्या बसने आले होते. तीन वर्षं या कॉलेजामागे तेच धावत होते. दाराशी श्रीमंतची बायको केवळाबाई अक्षतांचे तांदूळ कुंकवात घोळत होती. गुरुवारी त्यांच्या मुलीचं, उज्वलाचं लग्न होतं.

एक सदस्य उठले. त्या डोंगराळ भागात विद्यार्थी मिळणार कुठून, असा त्यांचा सवाल होता. सभागृहात कोणीतरी हसलं.

"ह्यो आलाय का कधी इकडं?" श्रीमंत म्हणाला.

"गप ऐका," केवळाबाई म्हणाली.

मंत्र्यांनी फाईल वर धरली. बारावी झालेल्या एकेचाळीस मुलींनी शाळा सोडल्याचे मूळ दाखले प्रस्तावाला जोडले आहेत, त्या दुसरीकडे न जाता थांबल्या आहेत, गरजेचा याहून मोठा पुरावा कोणता, असं ते म्हणाले. बाकं वाजली.

ती कल्पना सरांची. झेरॉक्सवर कोण विश्वास ठेवतं, मूळच जोडू, असं त्यांनी सुचवलं आणि श्रीमंतने सगळ्यांच्या आधी उज्वलाचा दाखला दिला. तिला विज्ञान शाखेत त्र्याऐंशी टक्के होते. पुढच्या वर्षी ती नांदेडला जाते म्हणाली, तेव्हा श्रीमंतनेच समजावलं होतं: आपण फाईलमधून दाखला परत घेतला की बाकीचेही घेतील. थांब जरा, आपलंच कॉलेज होऊन राहिलं. ती थांबली. तिसऱ्या वर्षी पाहुणे बघायला आले.

आवाजी मतदान झालं. विधेयक मंजूर. चर्चा एकूण अकरा मिनिटं चालली होती.

सरांचे डोळे भरून आले. वर्ग पुढच्या जूनपासून, ते म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला. विद्यार्थिनींच्या वतीने मंत्र्यांना आभाराचं पत्र आजच टाकायचं होतं, आणि उज्वलाइतकं स्वच्छ अक्षर कोणाचंच नव्हतं.

सर सांगत गेले, ती लिहीत गेली, एकही खाडाखोड न करता. सहीच्या जागी पेन थांबलं.

"सर, हे मुंबईला कधी पोचंल?"

"शुक्रवारी, न्हाई तर शनिवारी. का गं?"

"मंग नाव कोणतं लिहू? आत्ताचं, का तिकडचं?"

सरांनी श्रीमंतकडे पाहिलं. तो उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. बैलांना त्याने नुकतंच पाजलं होतं.