झाडावर उघडलेली अकी

आयोनीचं नाक फुगलं की कारखान्यातल्या बायका समजायच्या, आज कुणाचं तरी काही खरं नाही. पण गेले तीन दिवस माल चांगला येत होता आणि ते नाक फुगलंच नव्हतं. शिवाय मालकांची, मिस्टर टलॉकची, ताकीदही होती, "पाहुण्यांसमोर एकही टोपली परत जाता कामा नये. आपला माल कसा सोन्यासारखा दिसला पाहिजे."

पाहुण्या म्हणजे अमेरिकेहून आलेल्या डॉक्टर ब्रँट. सोबत किंग्स्टनच्या मानक कार्यालयाचे साहेब. जमैकातल्या क्लॅरेंडनच्या या छोट्या कारखान्याची डबाबंद अकीची फळं अमेरिकेत जाऊ द्यायची की नाही, ते दोघं मिळून ठरवणार होते. नाही म्हणाले, तर कारखान्याला टाळं आणि चाळीस बायका घरी. फळं निवडायचं काम आयोनीचं, वीस वर्षांपासून.

अकी भारी मानी. लाल साल झाडावरच आपणहून उघडली, जांभई दिल्यासारखी, तरच आतला पिवळा गर खायचा. त्याआधी तोडली तर विष. जमैकातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

तिसऱ्या दुपारी शेवटची टोपली आली ती क्लेवरॉयची, म्हणजे आयोनीच्या नवऱ्याची. फळं सगळी उघडलेली. आयोनीने एक उचलून देठ चाचपला, तर तो सुकून काडी झालेला. आतला गर फिकट, मलूल. दुसरं फळ तसंच, तिसरंही तसंच.

मेल्याने मिटलेली अकी तोडून पत्र्याच्या छपरावर वाळत टाकली होती! गप्प बसावं का? मालक डोळ्यांनी तेच खुणावत होते. पण तिकडे अमेरिकेत कुणीतरी बाई रविवारी सकाळी हाच डबा उघडणार, खारवलेल्या माशाबरोबर परतणार, पोरांच्या ताटात वाढणार. आयोनीचं नाक फुगलं.

"क्लेवरॉय! ही कुठे उघडली रे?"

"उघडली आहे ना? मग कुठे उघडली याच्याशी तुला काय करायचंय?"

"छपरावर ऊन खाऊन उघडलीय ही! कुणाचा जीव घ्यायला निघालास?"

"अगं, हळू बोल. पाहुण्या ऐकतायत."

"ऐकू देत की!" म्हणत तिने अख्खी टोपली कचऱ्याच्या पिंपात रिकामी केली.

मिस्टर टलॉकनी कपाळाला हात लावला. डॉक्टर ब्रँट उठल्या, पिंपात वाकल्या आणि तीन फळं पिशवीत घालून म्हणाल्या, "ही आणि तुमचे डबे आमच्या प्रयोगशाळेत तपासू. थोडी किंग्स्टनलाही पाठवा."

"बाई, आमचं चुकलं..." मालक चाचरले.

"चुकलं? अहो, तीन दिवसांत इथे एक टोपली परत गेली नाही. चाळणीत कधी खडाच अडकत नसेल, तर चाळणी फाटकी आहे असंच वाटणार ना? मी 'नाही' लिहून निघणार होते."

दोन आठवड्यांनी दोन्हीकडचे निकाल आले, आणि अगदी सारखे. आयोनीने निवडलेले डबे निर्धोक, पिंपातली फळं विषारी. अमेरिकेत माल पाठवायची परवानगी असलेल्यांच्या यादीत कारखान्याचं नाव लागलं आणि बायकांनी पातेली बडवून अंगण डोक्यावर घेतलं.

"माझ्या टोपलीमुळे पास झालात!" क्लेवरॉय छाती काढून सगळ्यांना सांगत फिरला. घरी आल्यावर मात्र बायकोशी हळूच बोलला, "माल कमी पडला तर तुझं काम जाईल असं वाटलं गं."

"माहितीये मला," आयोनी म्हणाली. तिला त्याची माया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

रविवारी सकाळी मासा परतून तयार होता. क्लेवरॉय ताट घेऊन बसला. "अकी कुठाय?"

आयोनीने त्याची खुर्ची उचलली आणि अंगणातल्या झाडाखाली नेऊन ठेवली. वर एकूण एक फळ घट्ट मिटलेलं.

"बस इथे," ती म्हणाली. "उघडली की हाक मार."