सोजराच्या मायची मिरची

पुंजाजीचा हातगुण चांगला, असं अख्खं देऊळघाट म्हणायचं, आणि मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू? परसातली तीस मिरचीची झाडं मी रोज सकाळी एकेक करून बघायचो. पान उलटायचं, वाळका शेंडा खुडायचा, मग पुढचं झाड.

ही मिरची साधी नव्हती. माझ्या बायकोची, सोजराची, माय दरसाल मेहकरहून हे बी पदराच्या गाठीत बांधून आणायची. ती वारली आणि तिच्या लेकांनी परस मोडून गोठा बांधला. उरलं ते आमच्याकडे, आणि सोजरानं मूठभर दिलं म्हणून कुंपणापलीकडच्या फातिमाकडे. तिसरीकडे कुठेच नाही.

पोळा सरला आणि एका झाडाची पानं कबरी झाली. हिरव्यात पिवळे डाग, मग पानं आखडून वाकडी. आठवड्यात पाच झाडं गेली, मग अकरा. मी राख टाकली, तंबाखू भिजवून ते पाणी शिंपडलं, कुंपणाला बिब्बा टांगला. जितकं जपावं तितका रोग वाढत गेला. शेवटी तीसच्या तीस गेली.

फातिमाची झाडं मात्र हिरवीगार. एकाच मुठीतलं बी! माझं डोकं फिरलं. दसऱ्याच्या तोंडावर एका सकाळी तिच्या परसात शिरलो. काही पुरलंय का म्हणून माती उकरली, पान न् पान चाचपलं. ती पिठाच्या हातांनी दारात उभी होती.

"तुही नजरच वाईट हाये," मी म्हणालो. "आमच्या घरात पाय ठेवू नको."

सोजरा दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, रुसू दे.

त्यानंतर पंधरा दिवसांनी नागपूर सरकारच्या शेतकी खात्याचे हिंमतराव सायकलवर गावात कपाशी पाहायला आले. सोजरानंच त्यांना परसात आणलं. त्यांनी झाडं पाहिली आणि मग माझ्या तळहाताकडे पाहत राहिले. मी चुना लावून तंबाखू मळत होतो.

"कवापासून खाता?"

"मिसरूड फुटलं तवापासून. काऊन?"

"याच बियाची झाडं दुसरीकडं हायेत काय?"

"शेजारी हायेत," सोजरा म्हणाली. "त्याइले काईच झालं नोतं."

"त्या घरी तंबाखू कोनी खाते?"

"कोनीच नाही."

हिंमतरावांनी मान हलवली. "हा रोग कवा कवा तंबाखूच्या पानातही असते. पान सुकलं तरी मरत नाही. तंबाखूचा हात झाडाले लागला का झाडाले होते, अन् तोच हात पुढच्या झाडाले लावला का त्यालेही. औषध नाही याले. सारी झाडं उपटून जाळा. अन् साबनानं हात धुतल्याबिगर परसात येऊ नका."

मी तळहातावरची तंबाखू झटकून टाकली. ही तीस झाडं मी मारली होती, आणि वर तंबाखूचं पाणी पाजून मारली होती. पण तेवढ्यावर थांबलं नव्हतं. फातिमाचं पान न् पान मी याच हातांनी चाचपलं होतं.

मी धावत तिच्या परसात गेलो. शेंड्याच्या कोवळ्या पानांवर पिवळे डाग होते. एकही झाड सुटलं नव्हतं.

फातिमा बाहेर आली. मागून सोजराही आली. मी जे झालं ते सगळं सांगितलं, मान वर न करता.

"तुमच्या हातानं झालं?" फातिमानं विचारलं.

"हाव. माह्याच."

ती ओट्यावर बसली. "तुमी बोलले, अन् मंग हे डाग दिसले. तवापासून मी झाडाइकडं पाह्यतच नोती, भाऊ. म्हनलं, खरंच माही नजर वाईट असन. सुनेच्या तान्ह्यालेही घेतलं नाही मी इतके दिवस."

 मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती उठून आत गेली आणि सात वाळल्या लाल मिरच्या घेऊन आली. "तुमी झाडं चाचपाले आले त्याच्या आदल्या दिवशी बियासाठी तोडल्या होत्या. सोजराच्या मायची निशानी हाये, म्हनून ठेवल्या."

तिनं हात पुढे केला. सवयीनं माझाही हात पुढे झाला, आणि मी तो झटकन मागे घेतला. दोन्ही हात पाठीशी धरले.

"मले नको देऊ, फातिमाबी," मी म्हणालो. "सोजराच्या पदरात टाक."